पायथ्यापर्यंत रेल्वे, माथ्यापर्यंत मोटार

रोमहून फ्लॉरेन्सला वेगवान गाडीने दीड तास लागतो. या दीड तासात खिडकीतून डोंगरमाथ्यावर बसलेली गावं दिसतात. एखादा घंटेचा मनोरा, तटबंदीची रेघ, खाली द्राक्षांचे मळे, आणि नीट बघेपर्यंत बोगदा. या मार्गाला ‘दिरेत्तिस्सिमा’ म्हणतात. त्याचा पहिला टप्पा १९७७ साली सुरू झाला, आणि युरोपातला तो पहिला द्रुतगती रेल्वेमार्ग ठरला. ओर्व्हिएतोजवळ पाल्या नदीचं खोरं ओलांडायला त्यासाठी पाच किलोमीटरहून लांब पूल बांधला आहे. रोम आणि फ्लॉरेन्स जवळ आणणं हा त्यामागचा सरळ हेतू होता, मधल्या गावांशी त्याला कर्तव्य नव्हतं. मला आणि ताईला मात्र त्या मधल्या गावांतच जायचं होतं.

अंब्रिया आणि तोस्कानातली ही गावं डोंगरावर का बसली, हे एकदा लक्षात आलं की तिथे कसं फिरायचं हे आपोआप ठरतं. दऱ्याखोऱ्यांत दलदल होती, दलदलीत हिवताप होता आणि खोऱ्यातल्या वाटांनीच सैन्यं यायची. म्हणून रोमनांच्याही आधी एत्रुस्कन लोकांनी माथे निवडले आणि पुढच्यांनी तिथेच तट चढवले. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली ती अर्थातच सपाटीने, नदीच्या काठाकाठाने. त्यामुळे इथे गावाच्या नावाचं स्टेशन आणि गाव यांच्यात बहुतेक वेळा एक अख्खा डोंगर असतो. खोरं रेल्वेचं, चढण मोटारीची आणि वेशीच्या आत फक्त पाय. ही वाटणी मान्य केली की प्रवास सुखाचा होतो. रोमच्या विमानतळावर गाडी घेऊन रोमच्याच रस्त्यांवर घाम गाळणं किंवा एकेका बसच्या वेळापत्रकावर दिवस टांगून ठेवणं, दोन्ही मला पटत नाही. आम्ही रोमहून ओर्व्हिएतोपर्यंत रेल्वेने गेलो, तिथे गाडी घेतली, टायबर नदीच्या खोऱ्याने उत्तरेला चढत आरेत्सोला ती सोडली आणि पुढे पुन्हा रेल्वे धरली.

ओर्व्हिएतोला जायला वेगवान गाडी नको, साधी ‘रेजोनाले’ हवी. तिला आरक्षण नसतं, भाडं ठरलेलं असतं, आदल्या महिन्यात घ्या नाहीतर निघताना घ्या. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. हातात तिकीट असूनही शिक्का नसला तर दंड होतो. मोबाइलवर घेतलेल्या तिकिटाचं चेक-इन करावं लागतं. एवढं सांभाळलं की सव्वा-दीड तासात आपण ओर्व्हिएतोच्या पायथ्याशी उतरतो आणि मान वर केली की तो खडक दिसतो. ज्वालामुखीच्या राखेतून घट्ट झालेला, मधाच्या रंगाचा तुफा, चारी बाजूंनी तासल्यासारखा सरळ, आणि त्याच्या काठापर्यंत आलेली घरं.

स्टेशनासमोरच फनिक्युलर आहे. आपल्याकडे सप्तशृंग गडावर झाली तशीच, दोरखंडाने ओढली जाणारी. ही मात्र १८८८ सालची आणि सुरुवातीला पाण्याच्या वजनावर चालायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, त्या भाराने तो खाली येताना खालचा डबा वर ओढला जायचा. १९७० मध्ये ती बंद पडली, १९९० मध्ये विजेवर पुन्हा सुरू झाली. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी विचार केला की स्टेशन खाली आहे आणि गाव वर आहे, तर मधला चढ हीसुद्धा रेल्वेचीच जबाबदारी आहे.

ओर्व्हिएतोचं कॅथीड्रल सगळेच बघतात आणि बघावंच. १२९० मध्ये सुरू झालेलं हे काम, काळ्या-पांढऱ्या दगडाचे आडवे पट्टे, आत सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ या काळात रंगवलेला अंतिम न्यायाचा देखावा. कबरीतून उठणारी माणसं जमिनीतून दोन्ही हात टेकून स्वतःला बाहेर ओढतात, ते बघताना आपलेच खांदे ताणले जातात. पण मला जास्त सांगायचंय ते विहिरीबद्दल.

१५२७ साली पवित्र रोमन सम्राटाच्या सैन्याने रोम लुटलं तेव्हा पोप सातवा क्लेमंट ओर्व्हिएतोला येऊन राहिला. खडक अभेद्य होता, पण वेढा पडला तर पाणी कुठून आणणार? म्हणून त्याने आंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुकाराकडून विहीर खोदवून घेतली. ती पुरी झाली १५३७ मध्ये, तोवर क्लेमंट वारला होता. खोली सुमारे ५३ मीटर. मधे पाण्यापर्यंत जाणारी गोल पोकळी आणि तिच्याभोवती दोन स्वतंत्र जिने एकमेकांत गुंफलेले. एकाने उतरायचं, तळाशी छोटा पूल ओलांडायचा आणि दुसऱ्याने चढायचं. खेचरं रिकामी उतरत आणि पखाली भरून वर येत, उतरणारं आणि चढणारं जनावर कधीच समोरासमोर येत नसे. पायऱ्या २४८, पण ठेंगण्या आणि रुंद, कारण त्या माणसाच्या पावलासाठी नव्हे तर खेचराच्या खुरासाठी बांधल्या आहेत. मधल्या भिंतीला सत्तरेक खिडक्या आहेत. आत उतरावं तसा प्रत्येक खिडकीतला उजेड थोडा थोडा कमी होत जातो, भिंतीला हात लावला तर ओल लागते आणि समोरच्या खिडकीतून चढणाऱ्या लोकांचे चेहरे दिसतात, पण त्यांची वाट आपल्याला सापडत नाही. ताई तळाच्या पुलावर उभी राहिली आणि वर बघत म्हणाली, “अगं, हे सगळं पाण्यासाठी.” रायगडावरची टाकी आणि हौद बघत वाढलेल्या माणसाला त्या एका वाक्यात सगळं कळतं. गड जिंकतो तो पाण्यावर.

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली, खालीच, स्टेशनच्या वस्तीत. हा बेत मी सगळ्यांना सुचवेन. छोट्या स्टेशनाजवळ गाडी घेतली की बाहेर पडताच मोकळा रस्ता मिळतो. कागदपत्रं मात्र पुण्याहून निघतानाच पक्की हवीत. आपल्या लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. ते आरटीओ देतं, फी हजार रुपये, आणि ते एक वर्षापर्यंत चालतं. गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, कारण अनामत त्यावर अडकवून ठेवतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी सांगावी लागते, नाहीतर हातगिअरची मिळते. विम्यात नुकसानीचा काही भाग आपल्या डोक्यावर असतो. तो किती, हे सही करण्याआधी विचारून घ्यावं. काउंटरवरच्या तरुणाने गाडीच्या चित्रावर प्रत्येक ओरखड्याची फुली मारली, ताईने चारी बाजूंनी फोटो काढले, आणि मी डावीकडच्या सीटवर बसले.

उजव्या बाजूने गाडी चालवणं हे ऐकताना वाटतं तेवढं अवघड नाही. सरळ रस्त्यावर हात आपोआप शिकतो. लक्ष द्यावं लागतं ते गोल चौकात, कारण इथली वाहतूक आपल्या उलट दिशेने फिरते आणि आधी डावीकडे बघायचं असतं. ताईने एक चांगली पद्धत पाडली होती. प्रत्येक वळणावर ती मोठ्याने “उजवीकडे राहा” म्हणायची, मला गरज असो वा नसो.

खरी सावधगिरी बाळगायची ती जुन्या गावांच्या तोंडाशी. जवळपास प्रत्येक ऐतिहासिक गावात ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग असतो. लाल कडेचं पांढरं गोल चिन्ह, वर कॅमेरा. दिव्याच्या पाटीवर ‘व्हार्को आत्तिव्हो’ उजळलेलं असेल तर कॅमेरा चालू आहे आणि परवान्याशिवाय आत जायचं नाही. कुणी अडवत नाही, शिट्टी मारत नाही. काही महिन्यांनी दंडाचा कागद घरी येतो आणि गाडी देणारी कंपनी आपलं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याचे वेगळे पैसे लावते ते निराळेच. हा नियम मला मनापासून आवडतो. आठशे वर्षांपूर्वीच्या गल्लीत मोटार घालायचीच कशाला? गावाबाहेर गाडीतळ असतात. पांढऱ्या रेषा म्हणजे फुकट, निळ्या म्हणजे पैसे भरून, पिवळ्या आपल्यासाठी नाहीत. तोदीला तर वेशीखालच्या गाडीतळापासून वर जायला तिरकी लिफ्ट आहे. आरेत्सोलाही तटाबाहेर गाडी लावली की सरकते जिने थेट कॅथीड्रलपाशी नेऊन सोडतात.

ओर्व्हिएतोहून अर्ध्या तासावर चिव्हिता दि बान्योरेज्यो आहे. पायाखालची माती खचत चाललेलं गाव. वर तुफा आणि खाली चिकणमाती. दोन्ही बाजूंचे ओढे माती कुरतडतात, माती गेली की वरचा खडक तडकतो आणि कडेच्या घरांसकट दरीत जातो. १६९५ च्या भूकंपाने बरंच नेलं. आता तिथे कायमची राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत आणि आत जायला १९६५ साली बांधलेला अरुंद पादचारी पूल हीच एक वाट. पुलावर पाऊल टाकायला पाच युरोचं तिकीट आहे, आणि ते असावं, असं माझं मत. त्याच पैशाने ती कड सावरायचे प्रयत्न चालू राहतील. दहानंतर या पुलावर पाय ठेवायला जागा नसते. आम्ही सकाळी लवकर पोचलो. चौकात एक आजी जिरेनियमच्या कुंड्यांना पाणी घालत होत्या आणि चर्चची पायरी रिकामी होती. बसने हे जमलं नसतं. गाडी अंतर कापण्यासाठी घ्यायचीच नाही, अंतर रेल्वे जास्त चांगलं कापते. गाडी घ्यायची ती अशी सकाळ आणि अशी संध्याकाळ मिळावी म्हणून.

तिथून तोदीला जाताना रस्ता डोंगर धरून चालतो. सप्टेंबर संपत आलेला, द्राक्षतोडणी चालू, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे दहा मिनिटं हळूहळू जाण्यात गैरसोय काहीच नव्हती. दुपारी एका घाटवळणावरच्या खानावळीत ‘तोर्ता आल तेस्तो’ खाल्ली. गव्हाच्या पिठाची जाड, चपटी पोळी. बाई ती गोल लोखंडी तव्यावर भाजत होत्या, काट्याने टोचत, तव्यावरच फिरवत, कडा करपू न देता. मग मधून उघडून आत चीज आणि रानभाजी भरली. ताई शाकाहारी, त्यामुळे डुकराच्या मांसाच्या या मुलखात तिचं काय होणार ही काळजी निघताना सगळ्यांनी केली होती. तोर्ता, बीन्सचं सूप, पेकोरिनो चीज आणि ऑलिव्ह तेल यांवर ती मजेत राहिली.

आता ज्या गावासाठी मुळात गाडी घ्यायची ठरवलं, त्याकडे येते.

आमचं आजोळ माणगावचं. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. लहानपणी त्यांचं नाव शंभरदा ऐकलं होतं, पण ‘इटलीत लढले’ यापलीकडे ते इटली कुठलं हे कुणी सांगितलं नव्हतं. घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगाव-आमडोशीचे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी मशिनगनच्या तोंडी सापडली. त्यांच्याखेरीज सगळे एकतर मारले गेले, नाहीतर जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. ग्रेनेड टाकून त्यांनी मशिनगन आणि ती चालवणारा दोघांना संपवलं, तिथल्या आणखी एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केलं. लगेचच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैनिकांचे आहेत. तिथे मृत्यू पावलेल्या भारतीय सैनिकांची संख्या ५,७८२ आहे. घाडगे यांचं नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे.

२०२३ च्या जुलैत अंब्रियातल्या मोंतोने या डोंगरगावाने त्यांच्या नावाने एक स्मारक उभारलं. ते सूर्यघड्याळ आहे. मोंतोनेला वेगवान गाडी जात नाही. खोऱ्यातून एक छोटी रेल्वे उंबेर्तिदेवरून जाते, पण तिथून वरचा चढ उरतोच. आमचा मार्ग म्हणजे ई-४५ हा टायबरला समांतर जाणारा, टोल नसलेला रस्ता. तोदी मागे पडलं, पेरुजा डोंगरावर दिसून गेलं, आणि खोरं हळूहळू अरुंद होऊ लागलं. मी गाडी चालवत होते आणि ताई दोन्ही बाजूंच्या उतारांकडे बघत होती. ओकची झाडी, मधेच तंबाखूची किंवा सूर्यफुलाची वाळलेली शेतं, टेकडीच्या सोंडेवर एकेकटं दगडी शेतघर. लढाईच्या दृष्टीने हा मुलूख किती वाईट आहे, हे रस्त्यावरूनच कळतं. प्रत्येक सोंडेमागे दुसरी सोंड आहे आणि खालून चढणारा प्रत्येक माणूस वरच्याला दिसतो. कोकणातल्या डोंगरात वाढलेल्या पोराला ही चढण परकी वाटली नसेल. माणसं, भाषा, थंडी, सगळं परकं, पण चढण ओळखीची.

मोंतोने छोटं आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटरवर, तटाच्या आत बसलेलं. पंधराव्या शतकातला नामांकित भाडोत्री सेनापती ब्राच्चो फोर्तेब्राच्चो इथला. त्याचं नाव गावात जागोजागी भेटतं. दर जुलैत इथे चित्रपट महोत्सवही भरतो. आम्ही गाडी वेशीबाहेर लावली आणि चढाच्या गल्लीने वर गेलो. स्मारकापाशी आमच्याशिवाय कुणी नव्हतं. घड्याळावर लॅटिन वचन आहे, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचं. ताईने माणगावहून आणलेलं काही ठेवावं असं घरी ठरलं होतं. तिने आजोळच्या अंगणातल्या बकुळीची सुकलेली फुलं रुमालात बांधून आणली होती, ती ठेवली. मग तिने घाडगे यांचं नाव मोठ्याने वाचलं, आमच्याकडे उच्चारतात तसं. जवळून जाणारे एक वयस्क गृहस्थ थांबले. आमच्याकडे बघून त्यांनी “इंदिया?” असं विचारलं, आणि आमची मान हलली तशी टोपी काढून स्मारकाकडे तोंड करून क्षणभर उभे राहिले. त्यांना आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्यांची. त्यांनी खालच्या खोऱ्याकडे हात केला आणि बोटांनी चार-चार दाखवलं. चव्वेचाळीस साल.

रात्री मोंतोनेलाच राहिलो. याचसाठी गाडी होती.

पुढचा टप्पा लहान, पण भरगच्च होता. खोऱ्याच्या वरच्या टोकाला सानसेपोल्क्रो, चित्रकार पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचं गाव. त्याचं ‘पुनरुत्थान’ हे भित्तिचित्र आज शाबूत आहे तेही १९४४ च्या त्याच उन्हाळ्यामुळे. टोनी क्लार्क नावाच्या ब्रिटिश तोफखान्याच्या अधिकाऱ्याला गावावर तोफा डागायच्या होत्या. हे चित्र जगातलं सर्वोत्तम आहे असं ऑल्डस हक्सलीने लिहिलेलं त्याने पूर्वी वाचलं होतं, ते त्याला आठवलं आणि त्याने मारा थांबवला. चित्रातला ख्रिस्त एक पाय कबरीच्या काठावर ठेवून उभा आहे, समोर चार शिपाई झोपलेले. मोंतोनेहून आलेल्या आम्हाला त्या झोपलेल्या शिपायांकडेच जास्त वेळ बघावंसं वाटलं. नंतर आंग्यारी, तिथे चढणारा तो विलक्षण सरळ रस्ता, आणि मग उतरत उतरत आरेत्सो.

गाडी परत करताना तीन गोष्टी पाळाव्यात. टाकी भरून द्यावी. पंपावर ‘सेर्व्हितो’ म्हणजे माणूस पेट्रोल भरून देतो आणि ते महाग पडतं, ‘फाई दा ते’ म्हणजे आपलं आपण. बेन्झिना म्हणजे पेट्रोल, गाझोलिओ म्हणजे डिझेल, हे नळी हातात घेण्याआधी पुन्हा वाचावं. दुसरं, लहान गावांतली कचेरी दुपारी जेवायला बंद होते आणि रविवारी बहुधा उघडतच नाही, तेव्हा परतीचा वार आणि तास आधीच विचारून ठरवावा. तिसरं, एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडायचं वेगळं भाडं पडतं. ते द्यायला हरकत नाही. त्याच रस्त्याने उलटं येण्यात जाणारा दिवस त्याहून महाग असतो.

सामान स्टेशनजवळच्या हॉटेलात टाकून, किल्ली दुपारच्या सुट्टीआधी देऊन आम्ही पायीच वर चढलो. आरेत्सोच्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये पिएरोने रंगवलेली ‘खऱ्या क्रुसाची कथा’ आहे. तिकिटावर वेळ ठरलेली असते आणि आत थोडाच वेळ मिळतो, म्हणून आधी कुठे बघायचं ते ठरवून जावं. मी सांगेन, उजव्या बाजूला खालच्या रांगेतलं कॉन्स्टंटाइनचं स्वप्न. रात्रीचा तंबू, आत झोपलेला सम्राट, बाहेर जागणारे पहारेकरी, आणि वरून येणारा उजेड तंबूच्या कापडावर. वेळ संपल्यावर बाहेर आलो. स्टेशन तिथून दहा मिनिटांवर, सगळा उतार. फ्लॉरेन्सला सकाळी साधीच गाडी घ्यायची होती, आरनो नदीच्या काठाने जाणारी, प्रत्येक स्टेशनवर थांबणारी.